खानापूर कोर्टाचा निवृत्त दुभाषी

आज्ज्याच्या ट्रंकेत होती ती पोथी, पेन्शनच्या कागदांखाली.
चव्वेचाळीसला मराठा रेजिमेंटनं त्याला इटलीत नेलं,
तिथं नदीकाठी छप्पर उडालेल्या घरातून उचललेली.
वाचता येत नव्हती. 'आक्वा' म्हणजे पाणी, 'पाने' म्हणजे भाकरी,
एवढंच इटालियन घेऊन परतला भरमाण्णा कडोलकर,
आणि डाव्या पोटरीत बाँबचा तुकडा, थंडीत ठणकणारा.

मी बत्तीस वर्षं शपथेवर सांगत आलो
एकाचं दुसऱ्याला:
कन्नड जबाब मराठीत, मराठी रडणं कन्नडात.
रडण्याला रकाना नसतो, तरी.
आता मेलेल्यांचे जबाब घेतोय.
कोश एक, चष्मे दोन,
आणि सातशे वर्षांपूर्वी गावाबाहेर हाकललेला एक माणूस
जो नरकात उतरतानासुद्धा विचारत जातो, तू कुठला?

पहिल्याच पायरीला अडलो.
दार म्हणू? द्वार? वेस?
टिळकवाडीत तिसऱ्या गेटावर पूल झाला,
तरी रिक्षावाला म्हणतो गेट, मीही म्हणतो गेट,
नसलेल्या दाराचं नाव तोंडात राहतं.
शेवटी 'वेस' लिहिलं.
मढं वेशीतून बाहेर जातं, आत नाही,
हे नंतर लक्षात आलं. राहू दे.
मढ्याच्या बाजूनं बघितलं तर ते आतच जातं.

कोण कुठल्या खड्ड्यात, हे ठरवताना तो फार कडक.
इतका नेमका निकाल
एकाही जज्जसाहेबांनी दिला नाही माझ्यासमोर.
अपील नाही, तारीख नाही.
मला तारखांची सवय; वाटायचं,
पुढच्या खेपेला साक्षीदार एखादा शब्द बदलेल.
इथं कुणी बदलत नाही.

आणि दहाव्या सर्गात
जळत्या थडग्यातून कमरेइतका उठलेला एक
वाटसराला थांबवतो: बोलीवरून ओळखलं,
तू माझ्याच मुलखातला.
प्रमाण मराठीत लिहून बघितलं चार वेळा.
थडग्यातून कुणीतरी बातम्या देतंय असं वाटलं.
मग रात्री, लाईट गेल्यावर, मोठ्यानं म्हणालो:
"थांब की गा. बोलालास तसंच बोल अजून जरा.
आमच्याकडचा दिसालास तू."
अंगावर काटा आला.
आवाज आज्ज्याचा होता.

पुण्याच्या संपादकांनी तांबड्या शाईत दुरुस्त केलं:
बोलतोस. दिसतोस.
समासात: ही बोली सर्वांना कळेल का?
फोन लावला. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत
ते म्हणाले, तुम्ही बेळगावकडचे ना?
मी म्हणालो, बघा, कळली.

त्याला त्याचं गाव परत मिळालं नाही.
हे ऐकून शेजारच्या शिवलीलाबाई हुक्केरी,
भूगोलाच्या टीचर, म्हणाल्या, मग तुमच्यासारखंच.
नाही, म्हणालो. आम्हाला कुणी हाकललं नाही.
आम्ही अंथरुणातच होतो, आणि पाटी बदलली.
त्या म्हणाल्या, त्या पाटीखाली
आम्हीही झोपलेलोच होतो.
यावर दोघांनी चहा घेतला.

तिन्ही भाग एकाच शब्दावर संपतात.
तारे लिहिलं, खोडलं. नक्षत्रं, खोडलं. चांदण्या.
पहाटे दार उघडलं तर शिवलीलाबाई वाकून
ओल्या अंगणात ठिपके टाकत होत्या, अकरा ते एक.
विचारलं, ह्यांना काय म्हणता?
चुक्की.
आणि त्यांना? मी वर बोट केलं, दोनतीन उरले होते.
चुक्कीच की. वेगळं कशाला?

मराठीत वाचणाऱ्याला ती चूक वाटेल.
संपादक तर सोडायचेच नाहीत.
शब्द अजून पेन्सिलीत आहे.
त्या रेघा ओढायला लागल्या होत्या;
मी कडेकडेनं, पाय पडणार नाही असा,
दूध आणायला गेलो.